मिस्ड कॉलवर केलेला व्यायाम

बत्तीस वर्षं मी लोकांना 'उठा' म्हणायचा पगार घेतला, आणि त्यातलं निम्मं म्हणणं खुर्चीत बसून म्हटलं. आता कबूल करायला हरकत नाही. पेन्शन सुरू होऊन सहा वर्षं झाली, ती काही कुणी परत मागत नाही.

मी फिजिओथेरपिस्ट. उज्जैनमध्ये हा शब्द न अडखळता म्हणणारे पेशंट मला अख्ख्या नोकरीत दोनच भेटले, आणि त्यातल्या एकाशी मी लग्न केलं. बाकी सगळ्यांना मी 'कसरतवाली मॅडम'. सुरुवातीला तर 'मालिशवाली'च. खांदा धरलेले एक सेठजी पहिल्याच दिवशी घरून तेलाची बाटली घेऊन आले. "मैडम, तिल्ली का है, घानी का," अशी तिळाच्या तेलाची खात्रीही दिली. मी म्हटलं, सेठजी, तेल परत न्या, इथं चोळाचोळी होत नाही, तुमचा हात तुम्हीच हलवायचाय. त्यांनी एकदा माझ्याकडे, एकदा बाटलीकडे बघितलं आणि विचारलं, "हाथ हम ही हिलाएँगे? फिर आप क्या करोगी?"

मला भयंकर राग आला. संध्याकाळी घरी जाताना लक्षात आलं की प्रश्न अगदी चोख होता. आमच्या धंद्याचं सगळं गुपित त्यातच आहे. पेशंट माझ्यासमोर दहा मिनिटं जे करतो त्यानं फारसं काही होत नाही. उरलेल्या दिवसात, मी समोर नसताना तो जे करतो, त्यानं होतं. म्हणजे माझं खरं काम मी नसेन तिथं चालायला हवं. असलं काम साहेबाला दाखवून बढती मागायची सोय नसते.

कधी कधी ते अगदीच चालून जायचं. राम घाटावरच्या एका पंडितजींचा उजवा खांदा आखडला होता, अर्घ्य द्यायला तांब्या छातीच्या वर जाईना. त्यांना सांगितलं, भिंतीकडे तोंड करून उभे राहा, बोटांनी हळूहळू भिंत चढा, आणि जिथवर पोचाल तिथं रोज एक खूण करा. पंडितजींच्या हाताशी पेन्सिल कुठली असणार! त्यांनी कुंकवाची खूण केली. महिन्याभरानं मी घाटावर गेले, तर भिंतीवर खालून वर जाणारी लाल बोटांची रांग, आणि तिच्या पायथ्याशी यात्रेकरूंनी वाहिलेली झेंडूची फुलं. खांदा बरा झाला तरी पंडितजींना व्यायाम बंद करता येईना. "मैडम, अब लोगों की श्रद्धा का सवाल है." ही गोष्ट मी पुढं प्रत्येक भाषणात माझं यश म्हणून सांगितली. त्यात यश कुंकवाचं होतं, हे सांगायचं राहून गेलं.

निवृत्त झाल्यावर घरी बसवेना. माधव नगरात आमच्या मराठी मंडळाचा एक हॉल आहे, तिथं रोज सकाळी सात वाजता वर्ग सुरू केला. तेरा जण आणि मी चौदावी. सगळे जुनाट दुखण्यांचे मानकरी. कुणाला शुगर, कुणाला संधिवात, कुणाचं हृदय एकदा दुरुस्त करून आणलेलं. ही दुखणी जात नाहीत. वर्षानुवर्षं न हलणाऱ्या भाडेकरूसारखी ती राहतात, आपण फक्त त्यांना अख्खं घर बळकावू द्यायचं नाही. त्यासाठी रोज थोडं हलत राहायचं, बस. माझा नियम साधा होता: व्यायाम करताना शेजारच्याशी एक वाक्य पूर्ण बोलता आलं पाहिजे. ते जमलं नाही तर जास्त होतंय, थांबा. आमच्या लोकांना हा नियम फार मानवला. वाक्यं पूर्ण व्हायची, व्यायाम मधेच राहायचा.

आमच्यात नाना पागनीस होते. वय अठ्ठ्याहत्तर, रेल्वेतून निवृत्त झालेले गार्ड. पूर्वज सरदारांच्या पागेत, त्यावरून आडनाव. "घराण्यानं घोडे सांभाळले, मॅडम, आणि मला स्वतःचा दम सांभाळता येत नाही," असं स्वतःच म्हणायचे. फुप्फुसांचा जुना आजार, चार पावलं भरभर टाकली की धाप. अशा माणसाला हवा आत घेता येत नाही असं वाटतं, पण खरी पंचाईत असते आतली हवा बाहेर काढायची. ओठ चंबूसारखे करून सावकाश फुंकर सोडायची, म्हणजे ती निघते. हे नानांना मी तीन दिवस आकृत्या काढून शिकवलं, जमलं नाही. चौथ्या दिवशी वर्गानंतरचा चहा त्यांनी बशीत ओतला आणि फू फू करून निवांत प्यायले. मी ओरडलेच, "नाना, हेच! अगदी हेच!" ते दचकले, चहा धोतरावर सांडला. तेव्हापासून आमच्या वर्गात त्या श्वासाला 'बशी' म्हणतात.

आता माझ्याबद्दल. मला स्वतःला शुगर आहे आणि दोन्ही गुडघ्यांत संधिवात आहे. वर्गात मात्र मी सगळ्यांच्या पुढे उभी राहून सगळं करायची, न करून सांगते कुणाला! माझी समजूत अशी की मी त्या तेरा जणांना चालतं ठेवलंय.

मागच्या उन्हाळ्यात हॉलच्या छताचा मोठा पोपडा पडला. नशीब, रात्री पडला. मंडळानं हॉलला कुलूप लावलं आणि दुरुस्तीला दोन महिने लागतील म्हणून सांगितलं. मंडळाचे दोन महिने म्हणजे काय ते मराठी माणसाला सांगायला नको.

मी लगेच कामाला लागले. प्रत्येकाला घरच्या व्यायामाचा कागद काढून दिला, काड्यांची माणसं काढून. (एकीनं विचारलं, "मॅडम, हा चौथा मारुती आहे का?" तो मी होते.) आणि माझ्या सुपीक डोक्यातून एक योजना निघाली. सगळ्यांच्या जोड्या लावल्या. रोज सकाळी सातला व्यायाम, तो झाला की जोडीदाराला मिस्ड कॉल द्यायचा. दोनदा वाजू द्यायचं आणि ठेवायचं. नियम कडक: फोन उचलायचा नाही. कारण आमची माणसं मी ओळखून होते. उचलला की "चहा झाला का?"पासून सुरुवात, आणि व्यायामाची वेळ त्यातच जाते. माझी जोडी नानांशी लावली.

पहिले आठ दिवस मी इमानेइतबारे सगळं केलं. नवव्या दिवशी गुडघा ठणकत होता. म्हटलं, आधी मिस्ड कॉल देऊन टाकू, मग चहा घेऊ, मग व्यायाम. आठवडाभर हाच क्रम चालला आणि मग त्यातलं तिसरं कलम आपोआप गळून पडलं. पुढं पुढं तर मी पांघरुणातूनच हात बाहेर काढायची. आमचे हे एकदा म्हणाले, "अगं, तुझा अंगठा मात्र अगदी तंदुरुस्त आहे हं."

नानांचा मिस्ड कॉल मात्र बरोब्बर सात वाजून वीस मिनिटांनी. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. जन्मभर गाड्या वेळेवर सोडलेला माणूस! मला त्यांचं फार कौतुक वाटायचं आणि मनातून लाजही. बाकीच्यांना मी फोन करून सांगायची, नानांकडे बघा, नानांकडून शिका. सांगताना मी पलंगावर असायची.

असे पाच-सहा महिने गेले. नोव्हेंबरात आम्हा पेन्शनवाल्यांना आपण जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. हल्ली तो फोनवरही होतो म्हणतात, पण वयानं झिजलेली माझी बोटं, मशीन ठसाच घेत नाही. तेव्हा टावर चौकाजवळच्या बँकेत गेले. पेन्शनचं काम पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वीसएक पायऱ्या. दुसऱ्याच पायरीवर माझा उजवा गुडघा जो अडला तो अडलाच. कठडा धरून उलटी फिरले, तर जिन्याखाली शिपायाच्या प्लास्टिकच्या खुर्चीत एक गृहस्थ डोळे मिटून, ओठ चंबू करून बसलेले. चेहरा राखेसारखा. बशी चालली होती.

"नाना?"

त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघितलं, कठड्यावरच्या माझ्या दोन्ही हातांकडे बघितलं. मग मीच म्हटलं, "आज सकाळी सात वीसला तुमचा मिस्ड कॉल आला होता."

"तुमचा सात पाचला," नाना म्हणाले. एकेक शब्दाला एकेक श्वास. "मॅडम, हिरवा झेंडा दाखवला... मतलब गाडी सुटली... असं नसतं. इंजिन बंद असलं तरी... झेंडा हलवता येतो."

मला हसू फुटलं, त्यांनाही फुटलं, आणि हसताना त्यांना इतकी धाप लागली की शिपाई पाण्याचा ग्लास घेऊन धावला. "अम्मा, बाबूजी को हँसाओ मत," तो मलाच रागावला. वरून शेवटी एक मुलगी कागद घेऊन खाली आली. "दोनों जिंदा हैं ना?" तिनं सही घेता घेता विचारलं. "अभी तक तो," नाना म्हणाले.

ती वर गेल्यावर नाना बोलायला लागले, थांबत थांबत. हॉल बंद झाल्यावर आठ-पंधरा दिवस केलं, मग एकट्यानं करवेना. मग धाप वाढली, म्हणून उतरणं कमी केलं. मग कमी उतरल्यानं धाप आणखी वाढली. त्यांचं घर माधव नगरातच, दुसऱ्या मजल्यावर. गेले दोन महिने ते खाली आलेच नव्हते, आज दाखल्यासाठी शेजाऱ्यांनी धरून उतरवलं होतं. भाजी दोरीला बांधलेल्या पिशवीतून वर जायची. ही दोरी मुलाला, समीरला, व्हिडिओ कॉलवर दिसली. समीर बंगळूरला असतो. तो म्हणाला, रंगपंचमीला येतो आणि तुम्हाला घेऊनच जातो. घर विकून टाकू.

"मग वाईट काय आहे? पोरगा प्रेमानं बोलावतोय," मी म्हटलं.

"प्रेमानंच बोलावतोय हो. पण बाराव्या मजल्यावर मी कुणाशी बोलणार? ही गेली, पण हिच्या हातची कढीपत्त्याची कुंडी आहे गॅलरीत. चाळीस वर्षांचा शेजार आहे. तिथं गेलो की मी खुर्चीत बसणार आणि खुर्चीतच संपणार, मला माहितेय." मग जरा थांबून, "मी त्याला म्हटलंय, माझ्या पायांनी माझ्या घरी चढून दाखवलं तर राहू देशील? तो हो म्हणालाय. पण आता बघताय ना."

आणि मग त्यांनी ते विचारलं, रागानं नव्हे, अगदी साध्या आवाजात. "मॅडम, एवढ्या महिन्यांत एखाद दिवस फोन उचलला का नाही? मी पहिले काही दिवस दोनऐवजी चारदा वाजू द्यायचो. वाटायचं, उचलतील."

चारदा वाजायचा, खरंच. मला वाटायचं, म्हातारा ठेवायला विसरतो. मला माझी इतकी लाज वाटली की काय सांगू. बत्तीस वर्षांच्या नोकरीत पेशंटनं खोटं सांगितलं तर मी डोळ्यांवरून ओळखायची, आणि इथं नियमच असा केला की कुणी कुणाचा आवाजसुद्धा ऐकायचा नाही. सेठजींनी विचारलं होतं ना, फिर आप क्या करोगी? उत्तर इतकं सोपं होतं: सेठजी, मैं फोन उठाऊँगी. तेवढंच काम होतं, आणि तेच मी मना करून ठेवलं होतं.

त्या आठवड्यात सगळ्यांना खरं सांगून टाकलं. तेरातले दोघं खरोखर व्यायाम करत होते. एका बाईंचा मिस्ड कॉल त्यांची सून द्यायची, कारण त्या वेळी सासूबाई झोपलेल्या असायच्या आणि त्यांना उठवायचं जिवावर यायचं. जोड्या त्याच ठेवल्या, नियम मात्र उलटा केला. सातला फोन करायचा, उचलायचा, स्पीकर लावून ठेवायचा, आणि दोघांनी मिळून करायचं.

नानांना आधी डॉक्टरांकडे धाडलं. एवढ्या खंडानंतर आपल्या मनानं सुरू करायचं नसतं. तिथं कळलं की ते तोंडातून ओढायचं औषधही अर्धं हवेत सोडत होते. ते नीट झालं, परवानगी मिळाली, आणि आम्ही लागलो. आमच्याकडे रोज सकाळी स्पीकरवर फू फू सुरू झालं. हे पेपरमागून म्हणायचे, "नानांचा चहा आज फारच गरम दिसतोय."

जिना चढायची रीत अशी: पायरीवर पाय ठेवताना फुंकर सोडायची, दोन पायऱ्या झाल्या की थांबायचं. पहिल्या मजल्यावर एक स्टूल ठेवायचं, तिथं बसायचं, दम परत आला की निघायचं. स्टुलाला नानांचा कडाडून विरोध. "शेजारीपाजारी काय म्हणतील? नाना जिन्यात बसतो म्हणतील."

"उज्जैन-इंदूर गाडी देवासला थांबली तर बंद पडली म्हणतात का, नाना?"

दुसऱ्या दिवसापासून खालची पायरी उज्जैन, पहिला मजला देवास आणि घराचं दार इंदूर. देवासला थांबा किती मिनिटांचा, याची ते स्वतःच नोंद ठेवायला लागले.

माझं काम होतं खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं. आमची खुर्ची जुनी, उठलं की करकरते. नाना पलीकडून मोजायचे. "मॅडम, सातदाच करकरली." मी म्हणायची, तुम्हाला ऐकू कमी येतं. ते म्हणायचे, "गार्डला इंजिनाचा आवाज कळतो. उठा." चिडून मी उरलेले तीन पूर्ण करायची आणि दिवसभर त्यांच्या नावानं बोटं मोडायची.

सगळं सरळ झालं नाही. संक्रांतीच्या थंडीत नानांची छाती भरली, दहा दिवस अंथरुणात. उठले तेव्हा परत पाचव्या पायरीवर. फोनवर म्हणाले, "जाऊ द्या मॅडम, बंगळूरला हवा चांगली आहे म्हणतात." मी त्यांना वाट्टेल ते बोलले. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजारी माणसाला बोलू नये ते बोलले, आणि फोन ठेवून रडले. दुसऱ्या दिवशी सातला फोन वाजला. "पाच पायऱ्या होत्या ना? तिथून धरा," नाना म्हणाले.

रंगपंचमीच्या आदल्या दिवशी समीर आला. मला साक्षीदार म्हणून बोलावणं होतं. समीर चांगला मुलगा, पण डोळ्यांत काळजी आणि हातात घड्याळ. नाना निघाले. फुंकर, दोन पायऱ्या, थांबा. देवासला स्टुलावर बसले. एक मिनिट, दोन, चार.

"मॅडम, प्लीज," समीर हळूच म्हणाला, "हे बघवत नाही. कशाला छळ त्यांचा?"

"अरे, छळ नाही तो, थांबा आहे," मी म्हटलं. आवाज मोठा होता, आतून माझीच पाचावर धारण बसली होती.

नाना उठले. आणखी दोन पायऱ्या, आणखी दोन. मग वरून दाराची कडी वाजली आणि कठड्यावर एक हिरवा नॅपकिन हलला. "इंदूर! मॅडम, वर या, चहा टाकतो!"

मी हर्षभरित होऊन निघाले. समीर मागून. पहिला मजला मी झोकात चढले, स्टुलाकडे ढुंकूनही बघितलं नाही. फिजिओथेरपिस्ट ना मी! त्याच्यापुढच्या सातव्या पायरीवर गुडघा अडला. वर जाईना, खाली येईना. मी कठड्याला लटकले. समीर धरायला पुढे झाला, पण त्याला कुठं धरावं कळेना, आणि मी ओरडत होते, "हात नको ओढू, हात नको ओढू!"

"समीर, बाजूला हो," वरून आवाज आला. नाना उतरत होते. एक हात कठड्यावर, फुंकर सोडत, न घाबरता. माझ्या शेजारच्या पायरीवर येऊन उभे राहिले. "मॅडम, बशी. आधी बशी. आता दुखरा पाय आधी खाली. हं. मोजा." त्यांनी मला एकेक पायरी उतरवून देवासच्या स्टुलावर बसवलं. स्वतः भिंतीला टेकून दम घेतला. दम परत आल्यावर मला उठवलं, आणि आम्ही दोघं दोन-दोन पायऱ्यांनी वर गेलो. म्हणजे ते त्या जिन्यानं दुसऱ्यांदा चढले. हे माझ्या लक्षात आलं तेव्हा आम्ही दारात होतो, आणि समीर अजून खाली, पहिल्या मजल्यावर, नुसता बघत उभा होता.

चहा झाला. बंगळूरचं नाव कुणी काढलं नाही. संध्याकाळी समीर टावर चौकात जाऊन आला आणि आणखी एक स्टूल घेऊन आला. पहिल्या आणि दुसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर त्यानं ते भिंतीला लावून ठेवलं, हलतं का ते बघितलं.

"अरे, मला एक पुरतं," नाना म्हणाले.

"तुमच्यासाठी नाही बाबा," तो म्हणाला. "मॅडमसाठी आहे. तुम्ही इथं राहणार, तर त्या येणारच ना."

हॉलची दुरुस्ती अजून चालू आहे. आज सकाळी सातला फोन वाजला तेव्हा मी पांघरुणात होते. अंगठा जुन्या सवयीनं लाल बटणाकडे गेला, पण मी उचलला.

"झालेच सुरू मी," मी म्हटलं.

पलीकडे एक लांब फुंकर आली, मग नाना म्हणाले, "मॅडम, ही करकर पलंगाची आहे. खुर्चीची नाही. उठा."

बत्तीस वर्षं ज्या शब्दाचा मी पगार घेतला, तो नाना मला रोज फुकट म्हणतात. मी उठले.